नदीच्या गाळातील हजेरीपट



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची कल्पना अशी असावी की, हा गृहस्थ कामगार चळवळीतला, तेव्हा किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेल. मी ‘नदीतील जंतू आणि त्यांची मोजदाद’ असा विषय सांगितल्यावर ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचे काही चुकले नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळी संपवून आल्यावर झाले. मी शास्त्रज्ञ नव्हे, डॉक्टरही नव्हे. तरी या विषयाकडे मला कोणी ओढून नेले ते आधी सांगतो, म्हणजे माझा अधिकार किती आणि माझी गरज किती, याचा हिशेब तुम्हांला लावता येईल.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शहरात भुयारी गटारे साफ करणाऱ्या कंत्राटी कामगारांत आमची संघटना नुकती उभी राहत होती. त्यांपैकी एका गड्याच्या पायात चेंबरमधली काच शिरली. गमबूट होते, पण एकाचा तळ फाटलेला होता. त्याने जखमेवर हळद दाबली, दुकानातून चार गोळ्या आणल्या, ठणका कमी होताच त्या बंद केल्या आणि तो कामावर गेला. कारण खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडे. तिसऱ्या आठवड्यात त्याला इस्पितळात न्यावे लागले. जखमेतला पू तपासून आलेला कागद डॉक्टरीणबाईंनी माझ्या हाती दिला. डाव्या बाजूला औषधांची नावे होती आणि उजव्या बाजूला एकाखाली एक ‘आर’, ‘आर’, ‘आर’.

मी विचारले, “डॉक्टर, हा आर म्हणजे काय?”

त्या म्हणाल्या, “आर म्हणजे रेझिस्टंट. दादा, हे जंतू या औषधांना दाद देत नाहीत.”

शेवटी एका महागड्या औषधाने जखम आटोक्यात आली, पण त्या गड्याच्या पायाची दोन बोटे गेली. भरपाईचा अर्ज केला तर कंत्राटदाराचे उत्तर ठरलेले: जखम कामावर झाली कशावरून, आणि झाली असली तरी ते जंतू गटारातलेच कशावरून? या दुसऱ्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

दाद न देण्याची विद्या

प्रतिजैविक औषधांचा इतिहास आपल्या दारातून गेलेला आहे. सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये पेनिसिलीनचा शोध लागला. आणि १९५५ साली आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, पेनिसिलीन तयार होऊ लागले. ज्या दुखण्याने घरटी एखादे माणूस जाई, ते दुखणे चार सुयांत बरे होऊ लागले. कामगारवस्तीत तर या औषधाने केलेले उपकार मोजता येणार नाहीत. पण खुद्द फ्लेमिंग यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते औषध पचवायला शिकतील.

शिकतील म्हणजे काय? जंतूला डोके नाही, तेव्हा तो आपल्यासारखा शिकत नाही. त्याच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांब धागा असतो. त्यावर केवळ चार अक्षरांत त्याचा सारा संसार लिहिलेला असतो. मोठ्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचा धागा सुमारे शेहेचाळीस लाख अक्षरांचा आहे. त्यातला एकेक अर्थपूर्ण परिच्छेद म्हणजे एकेक जनुक. काही जनुकांत औषधाचा रेणू कापणारी कात्री कशी बनवावी ते लिहिलेले असते. काहींत औषध पेशीबाहेर उपसून टाकणाऱ्या पंपाची कृती असते. काहींत, औषध ज्या कुलपाला किल्ली म्हणून लागते ते कुलूपच बदलण्याची युक्ती असते. औषध आले की ज्यांच्यापाशी हे जनुक नाही ते मरतात, ज्यांच्यापाशी आहे ते उरतात, आणि उद्याची प्रजा उरलेल्यांची असते.

ही विद्या काही आपल्या कारखान्यांनी निर्माण केलेली नाही. मातीतले सूक्ष्मजीव कोट्यवधी वर्षे एकमेकांवर असली अस्त्रे सोडीत आले आहेत, आणि ढालीही तितक्याच जुन्या आहेत. कॅनडाच्या युकॉन प्रांतात तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीतही असे प्रतिरोधी जनुक २०११ साली सापडले. तेव्हा ‘नदीत प्रतिरोधी जनुक सापडले’ एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. कोणते सापडले, किती सापडले, आणि शहराच्या वरच्या बाजूला किती होते, हे प्रश्न विचारले पाहिजेत.

दुसरी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बापाचा गुण मुलात उतरावा, एवढ्यापुरतीच ही विद्या मर्यादित राहिली असती, तर तिचा प्रसार सावकाश झाला असता. पण १९५९ साली जपानमध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या प्रयोगांतून असे दिसले की, हगवणीचे जंतू आणि ई. कोलाय हे वेगवेगळ्या जातींचे जंतू एकमेकांना हा गुण थेट हातोहात देतात, आणि तोही एकाच वेळी अनेक औषधांविरुद्धचा. मुख्य धाग्याखेरीज डीएनएची काही छोटी कडी जंतूत असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. गिरणीच्या फाटकाशी हस्तपत्रक जसे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, आणि घेणारा त्याच खात्यातला असावा लागत नाही, तसे हे कडे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते. ज्याने दिले त्याच्यापाशीही त्याची प्रत राहतेच. आमच्या पत्रकांना ही सोय असती तर संघटनेचा छपाईचा खर्च वाचला असता!

पाणी हे फाटक

आता नदीकडे येऊ. एवढे जंतू, इतक्या जातींचे, एकमेकांना खेटून कोठे भेटतील? इस्पितळाचे सांडपाणी, घराघरातला मैला, गोठ्यांतले व कोंबड्यांच्या खुराड्यांतले पाणी, औषधांच्या कारखान्यांचे पाणी ही सारी एका ठिकाणी येतात ती गटारात आणि गटारातून नदीत. शिवाय आपण घेतलेल्या गोळीतला बराच भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो, तोही तिथेच जातो. म्हणजे जंतूही तिथे, हस्तपत्रकेही तिथे, आणि ज्यांच्यापाशी पत्रक नाही त्यांना मारून टाकणारे औषधही थोडे थोडे तिथेच.

हैदराबादजवळच्या पाटनचेरू भागात हे प्रकरण किती टोकाला गेले ते २००७ साली जगापुढे आले. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे पाणी जिथे शुद्ध केले जाई, त्या सामायिक केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनमधील गोथेनबर्गचे योआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत भरले. रोग्याच्या रक्तात उपचारासाठी जेवढे असते त्याहून हे प्रमाण अधिक होते. पुढे २०११ साली तेथल्या नदीच्या गाळातले डीएनए वाचण्यात आले, तेव्हा प्रतिरोधी जनुके आणि ती हातोहात नेणारी कडी यांचा मोठाच साठा हाती लागला.

दिल्लीचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. २०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथल्या रस्त्यांवर साचलेल्या व गटारांतल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने घेतले गेले. कार्बापेनेम नावाची राखीव औषधे निकामी करणारे एनडीएम-१ हे जनुक पहिल्या प्रकारच्या ५१ आणि नळाच्या २ नमुन्यांत आढळले. इस्पितळात औषध बेताने वापरले की झाले, असे मानणाऱ्यांना या आकड्यांनी जागे केले. कारण रस्त्यावरच्या डबक्याला इस्पितळाची भिंत नसते.

गाळ वाचायचा कसा?

पूर्वी, आणि आजही, पाणी तपासायची रीत अशी: काचेच्या बशीत अगर नावाच्या खळीवर पाण्याचे थेंब पसरायचे, ऊब द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे. खळीत औषध घातले आणि तरी ठिपके उगवले, तर ते जंतू दाद न देणारे. ही रीत स्वस्त आहे, भरवशाची आहे, आणि जिवंत जंतू हाती देणारी आहे. तिची अडचण एवढीच की, नदीतले बहुतेक जंतू बशीत उगवतच नाहीत. सभेला जे आले त्यांचीच गणती होते. गावात किती राहतात ते कळत नाही.

नवी रीत निराळी. गाळाचा नमुना घ्यायचा. पाण्यापेक्षा गाळ बरा, कारण पाणी वाहून जाते आणि गाळ हिशेब ठेवतो. त्यातल्या सर्व जंतूंच्या पेशी फोडून त्यांचे डीएनए एकत्र काढायचे. मग ते बारीक तुकडे करून यंत्राला वाचायला द्यायचे. तुकडा शे-दीडशे अक्षरांचा, पण असे तुकडे कोट्यवधी. एका प्रकारच्या यंत्रात अक्षर जोडले जाताना रंगीत प्रकाश चमकतो आणि रंगावरून अक्षर ओळखतात. दुसऱ्या प्रकारात डीएनएचा धागा सुईच्या नेढ्याहून लक्षपटींनी लहान अशा छिद्रातून ओढला जातो, आणि प्रत्येक अक्षरसमूह जाताना विजेचा प्रवाह जरा वेगळा हेलकावा घेतो. हे दुसरे यंत्र तळहातावर मावते.

वाचून काय मिळाले? एखाद्या मोठ्या वाचनालयातल्या सगळ्या पोथ्या फाडून त्यांच्या चिठ्ठ्या एका पोत्यात भराव्यात, तसे. पण प्रतिरोधी जनुकांची एक नोंदवही शास्त्रज्ञांनी तयार केलेली आहे. संगणक एकेक चिठ्ठी त्या वहीशी ताडून पाहतो. जी जुळली तिच्यापुढे खूण करतो. शिवाय प्रत्येक जंतूत असणारे एक सामाईक जनुक आहे. त्याच्या चिठ्ठ्यांवरून एकूण डोकी किती होती याचा अंदाज निघतो. मुकादमाचे मस्टर जसे असते तसाच हा प्रकार: हजर किती, आणि त्यांपैकी हत्यार बाळगणारे किती. दोन्ही आकडे असल्याखेरीज कोणत्याही दोन जागांची तुलना करता येत नाही.

फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली एका विषाणूचा सुमारे पाच हजार चारशे अक्षरांचा डीएनए वाचला, तेव्हा तो पराक्रम ठरला. माणसाचा जनुकसंच वाचण्याचा पहिला प्रकल्प १९९० पासून २००३ पर्यंत, तेरा वर्षे चालला. आज तेवढे वाचन एकाददुसऱ्या दिवसात होते. म्हणूनच हे काम आता प्रयोगशाळेच्या कौतुकापुरते न राहता रोजच्या पहाऱ्याचे होऊ शकते.

आपली मुठा

आता घरचे उदाहरण. नचिकेत मराठे आणि त्यांचे पुण्यातले व गोथेनबर्गचे सहकारी यांनी मुठा नदीचा गाळ अशाच पद्धतीने वाचला. ते काम २०१७ साली प्रसिद्ध झाले. शहराच्या वरच्या बाजूचा गाळ आणि शहरातला गाळ असे दोन्ही त्यांनी घेतले. एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी १७५ प्रकारची प्रतिरोधी जनुके त्यांना आढळली. त्यांत कार्बापेनेम कापणारी, दिल्लीच्या एनडीएमच्या घराण्यातली जनुकेही होती. आणि एकूण प्रतिरोधी जनुकांचे प्रमाण वरच्या बाजूपेक्षा शहरातल्या गाळात तीसपट होते.

हे तीसपट म्हणजे काय ते नीट समजून घ्या. शहरातल्या गाळात जंतू जास्त म्हणून जनुके जास्त, असा हा हिशेब नाही. तेवढ्याच जंतूंमागे हत्यारे तीसपट, असा त्याचा अर्थ. शिवाय अ‍ॅसिनेटोबॅक्टर या घराण्याचे जंतू शहरातल्या गाळात काही ठिकाणी एकूण हजेरीच्या २९ टक्क्यांपर्यंत होते. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना हे नाव नीट परिचयाचे आहे; या घराण्यातले काही जंतू रोग्याच्या नळीत आणि जखमेत ठाण मांडतात.

यात एक गंमतही आहे. कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाविरुद्धचे, २०१५ साली चीनमध्ये प्रथम ओळखले गेलेले एमसीआर-१ हे जनुक शहरातल्या गाळात सापडले नाही. सापडले ते वरच्या बाजूच्या एकाच नमुन्यात. म्हणजे ‘वरचे ते सारे निर्मळ, खालचे ते सारे मलिन’ अशी सोपी वाटणी नदीला मान्य नाही. ज्याने हा आकडा झाकला नाही, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास अधिक बसतो. वाटाघाटीच्या मेजावर बसणाऱ्याला ही परीक्षा ठाऊक असते.

मुख्य कारण कोणते, याबद्दल मात्र शंका ठेवायला जागा नाही. अर्धवट शुद्ध केलेला किंवा मुळीच शुद्ध न केलेला मैला नदीत सोडणे, हे ते कारण. इथे पाटनचेरूसारखे औषधाचे लोट नव्हते. तुमचेआमचे संडास पुरेसे झाले.

गाळ काय सांगत नाही

शास्त्राच्या नावाने जास्त बोलणे हा अडाणीपणाचाच एक प्रकार आहे, म्हणून मर्यादाही सांगतो. जनुक सापडले म्हणजे ते बाळगणारा जंतू जिवंत होता असे नाही. मेलेल्याचाही डीएनए वाचला जातो. जंतू जिवंत असला तरी तो रोग करणाराच असेल असे नाही. आणि तो रोगकारक असला तरी त्या पाण्यानेच अमुक माणूस आजारी पडला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पाऊस, ऊन, नमुना घेतल्याची जागा यांनी आकडे बदलतात; एकदाच घेतलेला नमुना म्हणजे एका दिवसाची हजेरी, सालभराची नव्हे. म्हणून बशीची जुनी रीत आणि वाचनाची नवी रीत हातात हात घालून चालल्या पाहिजेत.

पण त्या दोघींना एकत्र आणले, तर माझ्या त्या गड्याच्या प्रश्नाला उत्तर मिळू शकते. जखमेतला जिवंत जंतू बशीत वाढवायचा, त्याच चेंबरच्या गाळातला जंतू वाढवायचा, आणि दोघांचा सबंध धागा वाचून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे. फरक बोटांवर मोजण्याइतका निघाला तर दोघे एका घरचे. हजारो अक्षरांचा निघाला तर परके. ‘कशावरून?’ या प्रश्नाला पूर्वी शपथपत्र हेच उत्तर होते. आता बळकट पुरावा मिळू शकतो. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, विशेष संसर्गाचा धोका असलेल्या कामातून झालेले संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य म्हणून धरलेले होते. कायद्यात जागा होती. पण तशी तपासणी त्या वेळी कोणी केली नाही, आणि आज ती पायाची बोटे व तो पू दोन्ही गेले. आमच्या गड्याच्या बाबतीत ते जंतू गटारातलेच होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तपासण्याची संधी दवडली गेली, एवढेच म्हणेन.

पहारा कोणी ठेवायचा?

सांडपाण्यावरून रोगाचा माग काढणे आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या गटारांतले पाणी तपासून पोलिओच्या विषाणूवर २००१ पासून लक्ष ठेवले गेले. करोनाच्या साथीत पुण्यातही सांडपाण्यातून विषाणूचे रूप ओळखण्याचे काम झाले. जगातल्या साठ देशांतल्या ७९ ठिकाणांचे सांडपाणी वाचून प्रतिरोधी जनुकांची तुलना डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी केली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे विद्या आहे, यंत्रे आहेत, आपल्याच गावात माणसेही आहेत.

उणीव नियमाची आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविके किती असू द्यावीत, याचे मर्यादांक केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये मसुद्यात घातले होते. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून ते वगळले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या सप्टेंबरात या विषयावर मार्गदर्शक सूत्रे काढली आहेत. सूत्रे मात्र कोणाला दंड करीत नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. खडकवासल्याच्या खाली, विठ्ठलवाडीपाशी, संगमावर, शहर सोडल्यावर, आणि पुढे उजनीपर्यंत ठरलेल्या जागा असाव्यात. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत तेथला गाळ बशीत आणि यंत्रात दोन्हीकडे तपासावा. आकडे वॉर्डाच्या फळ्यावर लागावेत, मराठीत लागावेत. इस्पितळांचे पाणी गटाराला मिळण्याआधी वेगळे तपासावे. शुद्धीकरण केंद्रात पाणी आत येते तिथे आणि बाहेर पडते तिथे, दोन्ही ठिकाणी हजेरी घ्यावी. कारण शुद्धीकरणाने जंतू पुष्कळच कमी होतात, तरी सगळे जात नाहीत. आणि गटारात यंत्राने होणारे काम माणसाकडून करवू नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणूस गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. तरी फाटका बूट देऊन उतरवणारे आहेतच. त्या माणसाच्या अंगावर जखम झाली तर तिची तपासणी मालकाच्या खर्चाने, त्याच दिवशी झाली पाहिजे.

‘गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, दुकानातून मनाने घेऊ नका’ हा उपदेश मी स्वतः सभासदांना करतो, तुम्हांलाही करतो. पण सारा दोष गोळी सोडणाऱ्या गरिबाच्या माथी मारून मोकळे होऊ नका. खाड्याची मजुरी बुडत होती म्हणून त्याने गोळी सोडली, हेही त्याच हजेरीपटावर लिहिले पाहिजे. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात १२ लाख ७० हजार माणसे गेली, असा अंदाज आहे. त्यांत फाटक्या बुटाची माणसे किती, हे त्या आकड्यात वेगळे मांडलेले नाही.

मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणातून पुढे पंढरपुराला जाते आणि तिथे तिला आपण चंद्रभागा म्हणतो. आषाढीला लाखो माणसे तिच्यात उभी राहतात आणि ओंजळभर पाणी तोंडाला लावतात. आपल्या गावाने सोडलेल्या जनुकांपैकी किती तिथवर पोचतात, हे घाटाघाटावर मोजल्याखेरीज कोणालाच सांगता येणार नाही. माझी आई दर वर्षी वारीला जात असे. तिने घरी आणलेले तीर्थ मीही घेतलेले आहे, आणि उद्या कोणी दिले तर नाही म्हणण्याची माझी छाती नाही. म्हणूनच मी म्हणतो की, मोजा.